करांची उतरती बोली



लिलाव आपण सर्वांनीच पाहिलेला आहे. बाजारात भाताच्या किंवा भाजीच्या ढिगाभोवती जी बोली लागते ती चढती असते. ठेकेदारीचे काम निघते तेव्हा ती उतरती असते. जो कमीत कमी पैशांत काम करीन म्हणतो त्याला ते मिळते. आज मी ज्या बोलीविषयी सांगणार आहे ती उतरती आहे, आणि ती लावणारे ठेकेदार नसून सरकारे आहेत. भांडवलाचा मालक मध्ये खुर्ची टाकून बसलेला असतो. भोवतीची राज्ये आणि राष्ट्रे एकामागून एक म्हणत असतात, ‘आमच्याकडे या, आम्ही त्याच्यापेक्षा कमी कर घेऊ.’ अर्थशास्त्रात या प्रकाराला करस्पर्धा म्हणतात, आणि ही बोली आटोक्यात ठेवण्यासाठी सरकारांनी आपसांत केलेल्या कराराला करसहकार्य.

मी अर्थशास्त्राचा पदवीधर नाही. कामगारांच्या वतीने वाटाघाटीला बसताना समोरून ताळेबंद फेकला जाई, तो वाचता येईना म्हणून शिकलो; आणि कसारा लोकलमध्ये रोज दीड-दोन तास बसावे लागते, त्या वेळेत बाकीचे वाचले. तेव्हा विद्वानांना यात काही बाळबोध वाटले तर त्यांनी सांभाळून घ्यावे.

परदेशाच्या गोष्टी सांगण्याआधी घराजवळचे उदाहरण घेऊ. आपल्यापैकी अनेकजण भिवंडीच्या रस्त्याने जातात. मानकोली, काल्हेर, राहनाळ, वळ या गावांच्या शिवारात एकेकाळी भात पिकत असे. आज तेथे नजर जाईल तिकडे गोदामे आहेत. ती तेथे का आली? मुंबईला जवळ आणि महामार्गाला लागून, हे एक कारण. जमीन स्वस्त, हे दुसरे. पण एक मोठे कारण होते जकात. मुंबई महापालिकेच्या हद्दीत माल शिरला की मुलुंड किंवा दहिसरच्या नाक्यावर जकात भरावी लागे. ग्रामपंचायतीच्या हद्दीत जकात नव्हती. मग माल गावात उतरवायचा, साठवायचा, आणि मुंबईत जेवढा खपेल तेवढाच आत न्यायचा. पुढे नाशिक-नागपूरकडे जायचा असेल त्याने मुंबईची जकात भरण्याचे कारणच काय? कोणत्याही ग्रामपंचायतीने ‘आम्ही मुंबईशी स्पर्धा करतो’ असा ठराव केला नव्हता. करातला फरक होता, आणि पाणी उताराकडे वाहते तसा माल तिकडे वाहिला. मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला बंद झाली. गोदामे मात्र राहिली आणि वाढतच गेली. कराने एकदा वसवलेली वस्ती कर उठल्यावर उठत नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता दुसरी पायरी. एकोणीसशे नव्वदच्या दशकात आमच्या भागातल्या एका कारखान्यात पगारवाढीच्या मागणीपत्रावर बोलणी चालू होती. तिसऱ्या बैठकीला व्यवस्थापकांनी मागणीपत्र बाजूला सारले आणि शांतपणे विचारले, ‘सिल्वासा येथून किती किलोमीटर आहे, माहीत आहे का?’ बस्स, एवढेच. धमकी नाही, आवाज चढवणे नाही. त्या एका वाक्याने आमच्या मागणीतला निम्मा आकडा गळाला. यंत्रे ट्रकवर चढवता येतात. शहापूर-मुरबाडच्या माणसाला घर, शेताचा तुकडा, म्हातारी आई आणि पोरांची शाळा ट्रकवर चढवता येत नाही. या विषयावरचे जे संशोधन मी पुढे वाचले त्याचा गाभा मला त्या बैठकीतच कळला होता: जो हलू शकतो त्याच्यावरचा कर उतरतो, आणि जो हलू शकत नाही त्याच्यावर तो येऊन बसतो.

सिल्वासाच का? दादरा-नगर हवेली हा पोर्तुगीजांचा मुलूख १९५४ साली मुक्त झाला. त्या लढ्यात गायक-संगीतकार सुधीर फडके यांच्यासारखी मराठी माणसे होती. १९६१ मध्ये तो केंद्रशासित प्रदेश झाला. पुढे मागास भाग म्हणून तेथील कारखान्यांना विक्रीकरात दीर्घ मुदतीची माफी मिळाली आणि १९९३ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकरातही सवलत मिळाली. जुन्या ठाणे जिल्ह्याच्या सीमेला लागूनच ही सवलतीची पेठ उघडली. कृत्रिम धाग्याचा धंदा तेथे असा रुजला की आदिवासी पाड्यांच्या मुलखात धुराडी उभी राहिली. तेथल्या माणसाला रोजगार मिळाला, ही वाईट गोष्ट म्हणता येणार नाही. मागास भागाला हात द्यावा हे तत्त्व योग्यच. महाराष्ट्रानेही १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजना चालवली. मुंबई-ठाणे-पुण्याच्या बाहेर कारखाने जावेत म्हणून तालुक्यांना अ, ब, क, ड असे गट पाडले आणि जितका तालुका मागास तितकी सवलत मोठी ठेवली. प्रश्न सुरू होतो तो सगळीच राज्ये तीच सवलत देऊ लागतात तेव्हा. सभेत पुढच्या रांगेतला उभा राहिला की त्याला नीट दिसते. सगळेच उभे राहिले की कोणालाच जास्त दिसत नाही, फक्त सगळ्यांचे पाय दुखतात.

२००३ साली केंद्राने हिमाचल प्रदेश आणि उत्तरांचलला दहा वर्षांची अबकारी माफी दिली. औषधांचे अनेक कारखाने बद्दीकडे वळले. औषध तेच, यंत्रे तीच, खपही देशभर तोच. देशाच्या उत्पन्नात काय भर पडली? फार थोडी. तिजोरीत किती कमी आले? पुष्कळ.

आता पंडितांचे म्हणणे पाहू. १९५६ साली चार्ल्स टीबू या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने एक निबंध लिहिला. त्याचे म्हणणे असे की, गावोगावच्या पालिका निरनिराळे कर घेतात आणि निरनिराळ्या सोयी देतात. नागरिकाने आपल्याला परवडेल ते गाव निवडावे. तो मतपेटीत मत टाकत नाही, पायांनी मत देतो. अशी स्पर्धा असली की पालिका उधळपट्टी करणार नाहीत. पुढे १९८० मध्ये ब्रेनन आणि बुकॅनन यांनी हेच जरा कडक शब्दांत मांडले: सरकार हे भूक न भागणारे जनावर आहे, आणि करस्पर्धा ही त्याची वेसण आहे.

हे म्हणणे हसून सोडून देण्यासारखे नाही. रस्त्याचे पैसे रस्त्यावर का पडत नाहीत हे विचारणारा माणूस वाशिंदमध्येही घरोघर आहे. पण टीबूच्या मांडणीत एक अट आहे: प्रत्येक माणूस हवा तेव्हा बिऱ्हाड हलवू शकतो. ती अट ज्याला लागू पडते तो भांडवलवाला. बाकीच्यांना पाय असले तरी ते जमिनीत रोवलेले असतात.

१९८६ मध्ये झोड्रो आणि मिस्कोव्स्की या दोघांनी, आणि त्याच वर्षी विल्सन यांनी वेगळेपणे, गणित मांडून दाखवले की भांडवल फिरते असले आणि सरकारे त्याच्यावरच्या कराने खर्च भागवत असली, तर प्रत्येक सरकार स्वतःपुरते शहाणपणाने वागूनही सर्व मिळून कमी कर आणि कमी सोयी यांवर येऊन थांबतात. कारण साधे आहे. मी कर वाढवला की माझ्याकडून निघालेले भांडवल शेजाऱ्याकडे जाते. त्याचा फायदा माझ्या हिशेबात धरला जात नाही, फक्त माझा तोटा धरला जातो. म्हणून प्रत्येकजण वाजवीपेक्षा घाबरतो. शाळेचे छप्पर आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचा डॉक्टर या भीतीत अडकतात. आपल्या शहापूर तालुक्यात भातसा आहे, तानसा आहे, मोडकसागर आहे. सारी मुंबई त्यांवर पाणी पिते, आणि वैशाखात आपल्या पाड्यांवर टँकर फिरतो. धरण उशाला आणि कोरड घशाला. नळयोजना कराच्या पैशांतूनच होतात, सवलतीच्या पत्रकांतून होत नाहीत.

रवी कानबुर आणि मायकेल कीन यांचा १९९३ चा निबंध मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्याचा पडताळा आपल्याला गोव्याच्या सीमेवर उभे राहून घेता येतो. त्यांनी विचारले की शेजारी शेजारी एक मोठा आणि एक छोटा देश असेल तर बोली कोण उतरवील? उत्तर: छोटा. छोट्याने दर उतरवला तर स्वतःच्या थोड्या गिऱ्हाइकांवरचे उत्पन्न बुडते, पण मोठ्याची पुष्कळ गिऱ्हाइके सीमा ओलांडून येतात. मोठ्याला हा सौदा परवडत नाही. २०१२ साली मनोहर पर्रीकर यांच्या सरकारने गोव्यात पेट्रोलवरचा विक्रीकर जवळजवळ काढून टाकला आणि लिटरमागे सुमारे अकरा रुपये कमी झाले. बांदा-सावंतवाडीकडच्या माणसाला पत्रादेवी ओलांडून टाकी भरून येणे परवडू लागले. दमणच्या आणि गोव्याच्या दारूविषयी मी जास्त बोलत नाही. श्रोत्यांपैकी काहींना त्याचे अर्थशास्त्र माझ्यापेक्षा चांगले अवगत असेल.

पण कानबुर-कीन यांचा खरा निष्कर्ष पुढे आहे. दोघांनी मधला एकच दर ठरवला तर छोटा बुडतो, म्हणून तो सही करणार नाही. उलट दर निरनिराळे राहू द्यावेत पण खालची एक पातळी आखावी, छोट्याच्या दरापेक्षा किंचित वर, तर दोघांचाही फायदा होतो. कामगार चळवळीतल्या माणसाला हे नवीन नाही. किमान वेतनाचा कायदा तरी दुसरे काय सांगतो? वर कितीही द्या, खाली उतरू नका.

आपल्या देशातल्या राज्यांनी हा धडा हळूहळू गिरवला. १९५७ सालीच कापड, साखर आणि तंबाखू यांवरचा विक्रीकर राज्यांनी सोडला, केंद्राने त्याऐवजी जादा अबकारी कर बसवला आणि तो राज्यांना वाटून दिला. नोव्हेंबर १९९९ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत ठरले की १ जानेवारी २००० पासून विक्रीकराचे किमान दर सर्वत्र लागू करावेत आणि उद्योगांना विक्रीकराची नवी माफी देऊ नये. २००० मध्ये राज्यांच्या अर्थमंत्र्यांची अधिकारप्राप्त समिती झाली. पश्चिम बंगालचे असीम दासगुप्ता तिचे अध्यक्ष. १ एप्रिल २००५ ला मूल्यवर्धित कर आला. २००४ मध्ये विजय केळकर यांच्या अभ्यासगटाने वस्तू व सेवा कराची शिफारस केली होती. तो १ जुलै २०१७ ला लागू झाला.

या करात एक कळीची गोष्ट आहे आणि ती वर्तमानपत्रांत फारशी कोणी सांगितली नाही. कर माल जेथे तयार होतो तेथे जमा होत नाही. जेथे खपतो तेथे जमा होतो. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत केलेला माल पाटण्याला खपला तर राज्याच्या वाट्याचा कर बिहारला जातो. महाराष्ट्रासारख्या कारखानदार राज्याला हे कडू लागले, आणि लागणारच. पण यामुळे कारखाना येथून उचलून तेथे नेला तरी विकणाऱ्याच्या कराच्या हिशेबात काही फरक पडत नाही. गिऱ्हाईक काही हलत नाही. उतरत्या बोलीची मुळीच कापली गेली. ज्यांचे उत्पन्न बुडेल त्यांना पहिली पाच वर्षे दरसाल चौदा टक्के वाढ धरून भरपाई देण्याचे केंद्राने कायद्याने कबूल केले, म्हणून राज्यांनी सह्या केल्या. मुंबई महापालिकेची जकात वर्षाला सुमारे सात हजार कोटींची होती. तिलाही भरपाई कबूल करावी लागली. सहकार्य फुकट होत नसते. ज्याचे जाते त्याला दिल्यावाचून कोणी बोली थांबवीत नाही.

बोली तरीही थांबली नाही, तिने वेश बदलला. आता राज्ये कर माफ करीत नाहीत. भरलेला राज्य कर ‘औद्योगिक प्रोत्साहन अनुदान’ या नावाने परत करतात. महाराष्ट्राच्या २०१९ च्या योजनेतही ते होते. शिवाय जमीन, वीज, मुद्रांक शुल्क. सप्टेंबर २०२२ मध्ये तळेगावला येणार म्हणून बोलला जाणारा वेदांत-फॉक्सकॉनचा अर्धवाहकांचा प्रकल्प गुजरातने नेला, आणि आपल्याकडे किती हलकल्लोळ झाला ते आपल्याला आठवत असेल. कोणी किती देऊ केले याच्या आकड्यांनी एकमेकांना मारण्याचा कार्यक्रम महिनाभर चालला. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने त्या भागीदारीतून अंग काढून घेतले. मला त्यात एकच विचारावेसे वाटते: ती बोली लावताना, इतक्या कोटींत किती माणसांना कायम नोकरी, हा हिशेब सभागृहात कोणी मागितला होता का?

राज्यांना निदान एक संविधान आहे, एक परिषद आहे, एक सर्वोच्च न्यायालय आहे. राष्ट्रांना यांपैकी काही नाही. म्हणून देशादेशांतली बोली अधिक उघडीनागडी आहे.

मॉरिशसचे नाव आपल्याला परके नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडून उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मजुरांचे वंशज तेथे आजही मराठी सण करतात. बारा-तेरा लाख वस्तीचे ते बेट. त्याच्याशी भारताने १९८२ साली करार केला, हेतू हा की एकाच उत्पन्नावर दोनदा कर बसू नये. करारात असे होते की तेथल्या कंपनीने भारतातले शेअर विकून नफा कमावला तर त्यावर कर लावण्याचा हक्क मॉरिशसचा. आणि मॉरिशस असा कर लावतच नव्हते. दोनदा कर नको म्हणता म्हणता एकदाही नको, असा अर्थ निघाला. १९९१ नंतर बाजार खुला झाला आणि जगभरचा पैसा त्या बेटावर कागदी कंपनी काढून येथे येऊ लागला. २००० ते २०१५ या काळात भारतात आलेल्या थेट परकी गुंतवणुकीतला सुमारे एक तृतीयांश भाग या बेटावरून आला. उसाच्या शेतातून एवढा पैसा उगवत नाही हे सांगायला पंडित नको. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २००३ मध्ये न्यायालयाने सांगितले की करार हा करार आहे, बदलायचा तर सरकारने बदलावा. तो बदलायला मे २०१६ उजाडले. १ एप्रिल २०१७ नंतर घेतलेल्या शेअरांवर भारत कर लावू लागला, पहिली दोन वर्षे निम्म्या दराने. वाटाघाटीला इतकी वर्षे का लागली? कारण सरकारलाही भीती होती: हे दार बंद केले तर पैसा दुसऱ्या दाराने दुसऱ्याच देशात जाईल. सिल्वासाचा तोच प्रश्न, फक्त किलोमीटर जास्त.

शेअरांची गोष्ट निदान दिसते. नफा हलवण्याची कला त्याहून सूक्ष्म आहे. समजा, मुरबाडला एक कारखाना आहे. वस्तू करायला साठ रुपये लागतात, ती शंभराला विकली जाते. नफा चाळीस, त्यावर येथे कर. आता त्याच मालकाने एका करमुक्त बेटावर दुसरी कंपनी काढली आणि वस्तूचे नाव, छाप आणि कृती तिच्या नावावर केली. मुरबाडच्या कारखान्याने नाव वापरल्याबद्दल दर नगाला पस्तीस रुपये त्या बेटाला द्यायचे. येथला नफा उरला पाच रुपये. वस्तू मुरबाडलाच झाली, घाम मुरबाडलाच गळला, नफा मात्र बेटावर पिकला. आणि बोनसची बोलणी सुरू झाली की ताळेबंद पुढे येतो, ‘पाहा, कंपनीला नफाच नाही.’ म्हणून हा विषय कामगाराचा आहे, नुसता करखात्याचा नाही. टॉर्सलोव, विअर आणि झुकमन या तिघा संशोधकांनी जगाचे हिशेब तपासून अंदाज काढला की २०१५ साली बहुराष्ट्रीय कंपन्यांनी परदेशांत कमावलेल्या नफ्यापैकी सुमारे ३६ टक्के नफा असा करस्वर्गांत हलवला गेला.

याचा परिणाम दरांवर दिसतो. श्रीमंत देशांच्या संघटनेतील देशांत कंपनी कराचा सरासरी दर २००० साली सुमारे ३२ टक्के होता, तो वीस वर्षांत सुमारे २३ टक्क्यांवर आला. आयर्लंडने तो साडेबारा टक्के ठेवला आणि मोठमोठ्या अमेरिकन कंपन्यांना घर दिले. पुढे युरोपीय आयोगाने ठरवले की अ‍ॅपल कंपनीला दिलेली सवलत बेकायदा आहे आणि आयर्लंडने तिच्याकडून तेरा अब्ज युरो वसूल करावेत. आयर्लंडचे सरकार काय म्हणाले असेल? आम्हाला हे पैसे नकोत! सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तेव्हा ते त्याला घ्यावे लागले. येणे असलेले पैसे नकोत म्हणून सरकार कोर्टात भांडते, असे दृश्य या बोलीनेच दाखवले.

भारतानेही २० सप्टेंबर २०१९ ला बोली लावली. कंपनी कराचा मूळ दर सवलती सोडणाऱ्यांसाठी ३० वरून २२ टक्के झाला, नव्या कारखान्यांसाठी १५. सरकारचाच अंदाज होता की वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपये सुटतील. २०२३-२४ मध्ये व्यक्तींनी भरलेला प्राप्तिकर कंपन्यांच्या करापेक्षा जास्त जमला. पगारातून कर कापला जातो तो पगार हाती येण्याआधीच. पगारदार बेटावर जाऊ शकत नाही.

येथे माझ्या बाजूला न रुचणारे एक संशोधनही सांगितले पाहिजे. फ्युस्ट, पाइकल आणि सीगलोख यांनी जर्मनीतल्या हजारो पालिकांचे वीस वर्षांचे व्यवसाय कराचे दर आणि तेथली वेतने ताडून पाहिली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की पालिकेने कर वाढवला तर त्याचा जवळजवळ निम्मा भार शेवटी कामगारांच्या वेतनावर पडतो. मालकधार्जिणे लोक हे वाक्य घेऊन नाचतात. मी ते वेगळ्या तऱ्हेने वाचतो. एकट्या पालिकेने कर वाढवला म्हणून भार कामगारावर पडला, कारण शेजारचे गाव मालकाला मोकळे होते. सगळ्यांनी मिळून तळ आखला तर पळायला जागा उरत नाही, आणि भाराची वाटणी बदलते. पण एकट्यानेच कर वाढवा म्हणणाऱ्या आमच्या भाषणबाजांनीही हा आकडा पाठ करावा.

तो तळ आखण्याचा प्रयत्न झाला. ८ ऑक्टोबर २०२१ ला १४० पैकी १३६ देशांनी मान्य केले की ७५ कोटी युरोंहून अधिक उलाढाल असलेल्या कंपनीने कोठेही १५ टक्क्यांपेक्षा कमी कर भरला तर उरलेला फरक दुसऱ्या देशाने वसूल करावा. युक्ती चांगली आहे. बेटाने शून्य कर ठेवला तरी मालकाचा फायदा नाही, पैसे दुसऱ्या तिजोरीत जातील. मग बेट स्वतःच पंधरा टक्के लावील. आयर्लंडनेही अखेरच्या क्षणी सही केली. युरोपात हा नियम २०२४ पासून सुरू झाला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या नव्या अध्यक्षांनी आपल्या देशाला हा करार लागू नाही असे जाहीर केले, आणि जूनमध्ये सात धनाढ्य राष्ट्रांच्या गटाने अमेरिकन मूळ कंपन्यांना त्याच्या मुख्य नियमांतून वगळण्याचे मान्य केले. लिलावातला सर्वांत मोठा खेळाडूच उठून गेला.

दुसरीकडे आफ्रिकी देशांनी म्हटले की श्रीमंतांच्या संघटनेत बसून नियम ठरवण्यापेक्षा ते संयुक्त राष्ट्रसंघात ठरवावेत, जेथे प्रत्येकाला एक मत आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांच्या ठरावाला १२५ मते पडली, विरुद्ध ४८; विरोधात बहुतेक श्रीमंत देश. त्या ठरावातून निघालेल्या कराराच्या वाटाघाटी २०२७ पर्यंत पुऱ्या करायच्या ठरल्या आहेत. भरपाईचे काय, हा प्रश्न मात्र त्या मेजावर अजून कोणी नीट मांडलेला मला दिसला नाही. आपल्या राज्यांनी सह्या केल्या त्या चौदा टक्क्यांच्या कबुलीवर. मॉरिशससारख्या बेटाला त्याचा धंदा सोडायला कोण काय देणार?